कढईतली आग

प्रिय ठकूताई,

कढईतलं तेल पेटल्याचं तू फोनवर अगदी सहज सांगितलंस. मी घाईने फोन ठेवला, म्हणून लिहितोय. अग्निशमन दलात एकतीस वर्षं काढलेल्या माणसाची मुलगी पेटती कढई उचलून मोरीकडे धावते, हे ऐकून माझे जुने सोबती पोट धरून हसले असते. मला हसू आलं नाही. तेल अंगावर हिंदकळलं असतं तर?

आता नीट वाच. तेल पेटलं की आधी गॅस बंद. कढई जागची हलवायची नाही. मोठं झाकण बाजूने सरकवत वर घालायचं आणि तेल पुरतं निवेपर्यंत उघडून बघायचं नाही. तुला उघडून बघायची खोड आहे, म्हणून बजावतोय. पाणी थेंबभरसुद्धा नको. ते तेलाखाली जातं, क्षणात त्याची वाफ होते आणि पेटतं तेल छतापर्यंत उडतं. आग कढईबाहेर गेलीच तर शहाणपणा न करता पोरीला घेऊन बाहेर पडायचं, दार ओढून घ्यायचं आणि आम्हाला बोलवायचं. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी मी अजून आम्हालाच म्हणतोय बघ.

हे मी शाळांत, कारखान्यांत शेकडो वेळा करून दाखवलं. एकदा तुझी आई मागच्या रांगेत बसून ऐकत होती. घरी येऊन तिने ओट्याशेजारी खिळा ठोकला आणि मोठं झाकण टांगून ठेवलं. मी तिची थट्टा केली. घरात अख्खा बंबवाला असताना हे कशाला, म्हटलं.

त्या दुपारी तू शाळेत होतीस. मी बाहेरच्या खोलीत बूट घालत होतो. भडका दिसला म्हणून आत धावलो, तर गॅस तिने बंद केलेला, झाकण हातात, आणि ती ते सावकाश सरकवायला निघालेली. दोन क्षणांचं काम उरलं होतं. पण आगीचं काम माझं, ही घमेंड. मी तिला बाजूला ढकललं. बाजूला म्हणजे भिंत आणि ओटा यांच्या मधल्या कोपऱ्यात. बारा वर्षं हातात पाण्याचा पाइप धरलेला. हात आपसूक बादलीकडे गेला. लोकांना शिकवलेलं एक अक्षर आठवलं नाही. मी बादली ओतली. माझ्या मनगटावर दोन डाग राहिले. तिला त्या कोपऱ्यातून निघताच आलं नाही.

ती सहा दिवस होती. जबाब घ्यायला आलेल्या माणसाला तिने सांगितलं, “मीच घाबरून पाणी टाकलं.” माझी नोकरी टिकावी, तुझं शिक्षण अडू नये म्हणून. मी शेजारी उभा होतो आणि होकाराची मान हलवली. पुढे वर्षानुवर्षं एका गृहिणीची चूक म्हणून हेच उदाहरण मी व्याख्यानांत दिलं. लोक हळहळायचे.

परवा त्याच फोनवर मागून नातीचा आवाज आला. आजी कशी गेली, असं ती विचारत होती. तू म्हणालीस, आजी जरा वेंधळी होती, तिने तेलावर पाणी ओतलं. तू प्रेमानेच सांगितलंस. तेवीस वर्षं मी तुला असंच समजू दिलं, आता तेच त्या पोरीच्या कानावर जातंय, हे मला सोसलं नाही. माझं तोंड बघणं नकोसं वाटलं तर बघू नकोस, मी तक्रार करणार नाही. पण आज तिला जवळ घेऊन सांग, की आजीला सगळं येत होतं. पाणी आजोबांनी ओतलं.

म्हणायचा हक्क उरला असला तर तुझाच,
बाबा