हळदीवरून आलेला ताप

वडपे,
९ फेब्रुवारी २०२५

चि. विनिता हीस,

अनेक आशीर्वाद. अकलोलीला, तुझ्या माहेरी सगळे बरे असतील. उन्नती तिसरीत गेली असेल. इकडे आपल्या जागेवर तिसरं गोदाम उभं राहिलं. आक्काचे गुडघे दुखतात, बाकी ठीक.

तू माझा फोन घेत नाहीस. तुझ्या जागी मीही घेतला नसता.

मंगळवारी मुंबईच्या हॉस्पिटलने बोलावलं होतं. हितेश आयसीयूत असताना त्यांनी त्याचं रक्त संशोधनासाठी ठेवलं होतं. गेल्या वर्षी माझं आणि आक्काचंही नेलं. बत्तीस वर्षांचा, रोज कबड्डी खेळणारा माझा भाऊ कोरोनाने अकरा दिवसांत कसा गेला, ते त्यांना सापडलंय. विषाणू शिरला की शरीराला सावध करणारा एक जीन असतो. हितेशचा जन्मापासूनच बिघडलेला होता. मुलाला तो आईकडून येतो. आमच्या आईकडे, आक्काकडे, एक चांगला, एक बिघडलेला. मला चांगला आला, त्याला दुसरा.

डॉक्टरीणबाईंना हे दोनदा सांगावं लागलं. पहिल्यांदा मला त्यांचे ओठ फक्त हलताना दिसले. आक्का म्हणाली, "म्हंजे माझ्याच रगतात व्हतं?"

"आजी, यात कुणाचा दोष नसतो," बाई म्हणाल्या.

परतीच्या वाटेवर ठाणं आलं. आक्का म्हणाली, "पन ताप तर तीच घेऊन आली ना, हळदीवरना."

मी गाडी बाजूला घेतली. मग पुन्हा चालू केली.

तुझ्या भावाच्या हळदीहून तू आलीस आणि चौथ्या दिवशी हितेशला ताप चढला. आक्काने बोटांवर दिवस मोजले. तुझी टेस्ट निगेटिव्ह आली, तर "उशिरा केली" म्हणाली. तेराव्याला भावकीसमोर म्हणाली, "हिनं हळद खाल्ली नि माझा पोर खाल्ला." मी तेव्हा पत्रावळी वाटत होतो. वाटतच राहिलो.

तू हळदीला निघालीस त्याच्या आदल्या दिवशी बोंबलाच्या कालवणात मीठ नाही म्हणून मी ताट सारलं होतं. आक्काने तुला झापलं. मीठ होतं, विनिता. मलाच चव नव्हती, वासही नव्हता. अंग दोन दिवस तापलेलं. गोदामात दोन हमाल खोकत होते. बोललो असतो तर गोदाम चौदा दिवस बंद झालं असतं, म्हणून गोळी घेऊन कामावर जात राहिलो. हितेश माझ्याच गाडीत असायचा, काचा बंद करून. माझा उतरला. त्याला तोच ताप झेपला नाही.

बिघाड त्याच्यात होता हे खरं. त्या बिघाडाआड मला जन्मभर लपता येईल, हेही मला त्या बाईंसमोर बसल्या बसल्याच कळलं. त्याची मला जास्त भीती वाटली.

आता उन्नतीचं. बापाकडून मुलीला तो जीन येतोच, म्हणजे तिच्यात आहे. तुझ्याकडून आलेला दुसरा चांगला असला, तर तिला स्वतःला सहसा त्रास होत नाही. पण पुढे तिला मुलगा झाला, तर त्याला तपासावं लागेल. डॉक्टरीणबाई तुमच्याशी बोलतील. त्यांचा नंबर मागच्या बाजूला आहे. त्यासाठी माझ्यासोबत यायची गरज नाही.

माझ्या तापाचं आक्काला अजून सांगितलेलं नाही. हे पत्र टाकून घरी जाईन. भावकीला संध्याकाळी बोलावलंय, सगळ्यांसमोर सांगेन. पण ते तुला सगळ्यांच्या आधी कळायला हवं होतं, चार वर्षांपूर्वीच.

ताप घरात आणणारा,
मनोज