तळ उघडणारी पिशवी

प्रिय वहिनी,

गेल्या आठवड्यात मुंबईच्या त्या व्यापाऱ्याचा फोन आला. इतके दिवस गप्प होता, आता आपल्या सगळ्या मशीन पुन्हा त्याच्याच मालासाठी हव्यात म्हणे. मी सांगितलं, मशीनांपैकी तिसरा हिस्सा देतो, त्याहून जास्त नाही. रागावून फोन ठेवला त्याने. चार दिवसांनी कबूल झाला.

दादाला हे सांगितलं, तर तो एवढंच म्हणाला, "हे तिले सांगाले पाहिजे होतं." म्हणून लिहायला बसलो.

आपला नांदगाव पेठेचा कारखाना चांगला चालायचा तेव्हाची गोष्ट. कापडी पिशव्या शिवायच्या आणि सगळ्या त्या एका व्यापाऱ्याकडे पाठवायच्या, तो त्या परदेशात पाठवायचा. तुम्ही शिवण तपासायला बसायच्या. एकदा तुम्ही विचारलं होतं, "भाऊजी, हा मानूस उद्या नाही म्हनला तं?" मी काय उत्तर दिलं? तुम्ही दोऱ्याकडे पाहा, धंद्याचं मी पाहतो. किती तोऱ्यात बोललो होतो!

मग तिकडच्या बाजारात मंदी आली आणि तो खरंच नाही म्हणाला. कापडाचे तागे शेडमध्ये पडून राहिले. बावीस बाया कामाला होत्या. कामावरून कमी करायच्या अकरा जणींची यादी मी केली आणि तुमच्यापुढे ठेवली.

तुम्ही ती उभ्यानेच वाचली. आवाजही चढवला नाही.

"पहिलं नाव माह्यं लिहा," म्हणालात. "मंग बाकीच्यायचं."

माझ्याच्यानं ते लिहिणं झालं नाही. दुसऱ्या दिवशी तुम्ही सगळ्या बायांना कापड कापायच्या टेबलाभोवती बसवलं आणि मला सगळं खरं सांगायला लावलं. काम कमी आहे, आहे तेवढं वाटून घेऊ, एक दिवसाआड या. मला वाटलं होतं, भांडण होईल. दोघी रडल्या, पण सोडून कोणीच गेलं नाही.

आठवड्याने तुम्ही मला चांदूर बाजारजवळ तुमच्या माहेरी नेलंत. तुमच्या भावाच्या बागेत संत्र्याचा तोडा सुरू होता. मी बांधावर चहा पीत होतो आणि तुम्ही पदर खोचून मजूर बायांसोबत फळं तोडत होत्या. त्या साडीची झोळी करायच्या, ती भरली की कॅरेटमध्ये ओतायच्या. फळाला मार लागायचा, त्यांचे खांदे दुखायचे. आपल्याजवळ मशीन आहेत, कापड आहे, आणि इथे लोक झोळीत संत्री भरतात, हे मला दिसलंच नाही. तुम्हाला दिसलं.

खांद्याला अडकवायची, खालून नाडी सोडली की तळ उघडणारी, फळ अलगद कॅरेटमध्ये उतरवणारी पिशवी तुम्ही शिवली. पहिलीचा तळ भर बागेत उसवला, संत्री सगळीकडे! तुमचा भाऊ किती हसला. तुम्ही मात्र लगेच खाली बसून कुठली शिवण गेली ते पाहू लागलात. दुसरी जाड कापडाची केली. तिसरी टिकली.

त्या हंगामात बागाईतदार विचारत आले. मग अकोल्याच्या एका दुकानदाराने कापूस वेचताना कमरेला बांधायच्या ओट्या मागितल्या, एका रोपवाटिकेला वेगळ्या पिशव्या हव्या होत्या. कोणाचंच काम मोठं नव्हतं. पण एकाचं थांबलं तर दुसऱ्याचं असायचं. हळूहळू बाया पुन्हा रोज येऊ लागल्या.

त्याच दिवसांत तुमचं पोट दुखत होतं ना? मला काहून नाही सांगितलं, वहिनी? मशीनवर वाकलेल्या पाहून मला वाटायचं, शिवण बारकाईने पाहताय. तुम्हाला दवाखान्यात भरती केलं, तेव्हा मला कळलं. तिथून तुम्ही घरी परत आल्याच नाही. याचा मला अजून राग आहे. तुमचा थोडा, माझा जास्त.

आणि एक गोष्ट आहे, ती तुम्हीही कधी काढली नाही. अमरावतीच्या कृषी प्रदर्शनात एकाने सगळ्यांसमोर विचारलं होतं, ही पिशवी कोणाच्या डोक्यातून निघाली? मी म्हणालो, माझ्या. तुम्ही मागे बसून पिशव्यांच्या घड्या घालत होत्या. ऐकलं होतंत, मला ठाऊक आहे. घरी येताना तुम्ही पक्क्या दोऱ्याबद्दल बोलत राहिलात आणि मी हो-हो करत राहिलो.

त्यानंतर मला सांगता आलं असतं. रोज समोर होत्या तुम्ही.

सोमवारी तुमच्या भावाच्या बागेत तोडा सुरू होतोय. आजूबाजूचे बागाईतदारही येतील. मी दादाला घेऊन जाणार आहे. तोडणाऱ्या बायांसमोर आणि त्या सगळ्यांसमोर सांगणार आहे, की ही पिशवी शालिनीवहिनींनी केली, मी नाही. कोणी विचारलं, इतके दिवस काहून गप्प होते, तर तेही सांगीन. लाज वाटत होती.

तुमचा दीर,
सुधाकर