झोपाळ्याच्या कड्यांना वेत

कर्जत, मंगळवार, फेब्रुवारी १९२८

माथेरानला कुठल्याशा साहेबाच्या बंगल्यात ह्यांनी वेत गुंडाळलेली लोखंडी खुर्ची पाहिली. झालं. आमच्या झोपाळ्याच्या पितळी कड्यांनाही वेत गुंडाळून घेतला. म्हणे, पितळ हाताला गार लागतं. इतकी वर्षं नाही लागलं ते?

कड्या कुरकुरल्या की मामंजी ओटीवर बसलेत हे आम्हा सुनांना आत कळायचं. आता झोपाळा मुका. आज मी डोक्यावरचा पदर न सावरताच जाऊबाईंशी बोलत बाहेर आले, "पितळ गार लागतं म्हणे. उद्या साहेबाने शेपूट लावलं तर हेही लावतील."

बघते तर झोपाळ्यावर मामंजी. मी झटकन पदर डोक्यावर ओढला.

त्यांनी कडीवरच्या वेतावरून हात फिरवला. म्हणाले, "सूनबाई, कोयता आण."

मी दोन आणले.