स्कूटर नक्की कुणासाठी

गल्फ शोअर्स, अलाबामा
७ मार्च

ती. लवोनताईस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला धड ऐकू येत नाही आणि माझं ओरडणं अख्ख्या मजल्याला ऐकू जातं, म्हणून कागदच घेतला. आम्ही सुखरूप पोचलो. आयोवातून निघताना अंगावर दोन कोट होते, इथे बाह्या दुमडून गॅलरीत बसलेय. टेसा दिवसभर समुद्रात. अकरा वर्षांची घोडी झाली, तरी तिला बाहेर काढताना आमच्या सूनबाईंचा, जोडीचा, घसा बसतो.

आता खरं कारण सांगते. माझ्या मुलाने, ब्रेंटने, माझ्यासाठी स्कूटर भाड्याने आणलीय! ती गं, मोठ्या दुकानांतून म्हातारी माणसं बसून फिरतात तसली, बॅटरीवरची. विचारलं नाही, सांगितलं नाही. ही माझ्यासाठी का, म्हणून मीच विचारलं, तर ब्रेंट आणि जोडी एकमेकांकडे बघत राहिले. मग जोडी म्हणाली, असू दे ना आई, लांब चालायचं झालं तर बरी. ताई, गेल्या उन्हाळ्यात मी एकटीने अख्खी बाग खणली, ती काय यांना दिसली नाही?

कुठेही निघायचं म्हणजे आधी त्या स्कूटरचं लग्न. ती अख्खी मोटारीच्या डिकीत मावत नाही. सीट उपटायची, बॅटरी काढायची, खालचे दोन तुकडे वेगळे करायचे. जड तुकडे जोडी उचलते आणि ब्रेंट नुसता गाडीला टेकून उभा! काल त्याच्या हातून खटका सुटला, सीट पायावर आदळली, आणि वर माझ्यावरच खेकसला. डिकी भरली म्हणून खुर्च्या, टॉवेल, सँडविचचा डबा, सगळं माझ्या आणि टेसाच्या मांडीवर. एवढं करून तिथे पोचलं की मी चालते आणि तो बसतो! म्हणे, रिकामी कशी ढकलत नेऊ? रात्री जेवताना मी सरळ सांगून टाकलं, की असल्या गाडीवर जगण्याची हौस संपलेली माणसं बसतात. टेसा ताट सोडून आत गेली.

मला या घरात काय चाललंय तेच कळेनासं झालंय. तू काय म्हणतेस ते लगेच लिही. लोभ आहे तसा असू दे, आणि बर्फात उगाच बाहेर पडू नकोस.

तुझी,
आर्डिथ

.

डेकोरा, आयोवा
१० मार्च

चि. आर्डिथ हिस,
अ. उ. आ.

(त्र्याहत्तराव्या वर्षी कुणीतरी चिरंजीव म्हणतंय, तेव्हा मोठ्या बहिणीची किंमत ठेव.)

पत्र वाचून आधी हसले, मग चिडले. हे असंच सुरू होतं. माझी सून ताटातलं मांस मला कापून देते. एकदा गप्प बसले, तर आता सुरीसुद्धा समोर ठेवत नाही. तू त्या स्कूटरवर एकदा बसलीस की पुन्हा कुणी तुला उठू देणार नाही. माझं ऐक, विचारत बसू नकोस. सरळ नेऊन दुकानात परत कर. वासरं उचलणारी बाई तू, तुला चार तुकड्यांचं काय?

एक गोष्ट मात्र माझ्या डोक्यात शिरली नाही. ब्रेंट लहानपणापासून दुसऱ्याच्या हातातलं ओझं हिसकावून घेणारा पोरगा. तो टेकून उभा राहतो म्हणजे काय? पाठ धरली असेल. विचार त्याला. आणि टेसाला माझे गोड पापे.

बहिणीवरची माया आटू देऊ नकोस. इथे बाकी सगळं गोठलेलंच आहे.

तुझी ताई,
लवोन

.

गल्फ शोअर्स
१५ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र बसून वाच.

तुझं पत्र आलं तेव्हा तिघं खाली वाळूवर होती. मी गाडीची किल्ली घेतली आणि स्कूटरचे तुकडे सोडवायला लागले. रोज बघून पाठ झालंय असं वाटलं होतं, पण सीट निघेना, आणि निघाली तेव्हा मला घेऊनच मागे गेली. बॅटरी पोटाशी धरून आत ठेवली. मागचा तुकडा आधी डिकीच्या काठावर टेकवला, मग गुडघ्याने रेटला. घामाघूम झाले. पण डिकीचं झाकण लागलं तेव्हा, खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं.

दुकानातल्या बाईंना म्हटलं, ही परत घ्या, मला चांगलं चालता येतं. त्या गोंधळल्या. म्हणाल्या, अहो, पण ही तुमच्यासाठी नाहीच. ते उंच गृहस्थ आले होते, त्यांनी स्वतः बसून इथे फेऱ्या मारल्या, सीट मी त्यांच्याच मापाने लावून दिली. मी म्हटलं, तो माझा मुलगा, त्याला कशाला हवी? त्यांनी हळूच विचारलं, मग स्कूटर डिकीतच राहू दे ना?

मी गाडीत किती वेळ बसून होते कोण जाणे. गाडी सुरू होती की बंद, तेही आठवत नाही. परत आले तर ब्रेंट जिन्याशी खांब धरून उभा. गाडी चोरीला गेली असं त्याला वाटलं होतं. मी विचारलं आणि त्याने सांगितलं. मज्जातंतूंचा आजार आहे, ऑक्टोबरात कळला. पाय मध्येच ऐकेनासे होतात, उन्हात जास्त. जिवावरचं नाही, पण बरं होणारंही नाही. बाबा अंथरुणाला खिळले तेव्हा तू त्यांना इतकी वर्षं उचललंस, म्हणाला, आता पुन्हा माझ्यासाठी नको. याच सुट्टीत सांगायचं ठरवलं होतं, पण तू पहिल्याच दिवशी विचारलंस, ही माझ्यासाठी का, आणि आम्हाला तेच सोपं वाटलं. टेसाला सगळं ठाऊक होतं.

जेवताना बोलले त्याची मी माफी मागायला लागले, तर माझा हात धरून म्हणाला, आई, मलाही तसंच वाटतं गं, म्हणून तर तुला सांगता येईना.

काल आम्ही मासे पकडायच्या लांब धक्क्यावर गेलो. स्कूटर मी आणि जोडीने मिळून उतरवली. आता मला सगळं कळलं होतं, तर ब्रेंट माझ्यासमोर बसेना. चालतो म्हणाला. चार पावलांत कठड्याला हात. मग मीच बसले, ताई. कशी चालवली ते विचारू नकोस. एका कचऱ्याच्या पिंपाला धडक दिली, एका म्हाताऱ्याने हातातला गळ सोडून दोन्ही पाय वर घेतले. टेसा हसून हसून खाली बसली. ब्रेंट म्हणाला, आई, ऊठ, तू माणसं मारशील. मी उठले, तो बसला. मी मागून चालत होते. तो पुढे जायचा, थांबायचा, मान वळवून माझी वाट बघायचा. लहानपणी सायकलवरून असाच थांबायचा.

पण मला अजून काही उमगत नाही. सकाळी जाग आली की वाटतं, डॉक्टर दुसऱ्याच कुणाबद्दल बोलले असतील. ईस्टरला आम्ही सगळे तुझ्याकडे येतोय. त्याच्याशी कसं वागायचं ते तूच सांग, मला सुचत नाही. आत्ता तुझी माया जास्तच लागणार आहे, तेव्हा हात आखडू नकोस.

तुझी,
आर्डिथ

.

डेकोरा
१९ मार्च

चि. आर्डिथ हिस,
अ. उ. आ.

पत्र दोनदा वाचलं. माझा सल्ला चुकला याची लाज वाटावी की तू ऐकलास म्हणून बरं वाटावं, हे मला ठरवता येत नाही. तू ती दुकानात नेली नसतीस, तर पोरगा अजून मनातच कुढत राहिला असता. पण सल्ला वाईटच होता.

कसं वागायचं ते मला काय ठाऊक? तू रड, पण जोडीसमोर रड, ती बिचारी महिनोन् महिने एकटी रडली असेल. आणि तो टेकून उभा राहिला की बघ, पण टक लावून नको.

मी माझ्याकडून एकच केलंय. शेजारच्या ऑर्विलला बोलावून दाराच्या पायऱ्यांना लोखंडी कठडा बसवायला सांगितला. त्याने विचारलं, कुणासाठी? मी म्हटलं, माझ्यासाठी, आणखी कुणासाठी? तर मेला म्हणतो, हो, तुम्हाला आता लागणारच. मी राग गिळला. दोन्ही बाजूंना लाव म्हणून सांगितलं. दुसरी बाजू कशाला, हे त्याने विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही.

बटाट्याचं सॅलड मी करतेय, तू आणू नकोस. सगळे या. मायेचं काय विचारतेस, ती आहेच.

तुझी ताई,
लवोन