एकही हाड मोडलं नाही

५ एप्रिल, शनि.
बोळिंजहून सायमन आला. दारातूनच सुरू, "सर, गुड फ्रायडेला येशूच्या दुःखसहनाच्या वाचनात निवेदक यंदाही तुम्हीच. फादरांचा निरोप." म्हटलं, फादरांना तोंड आहे ना, येऊ देत की. चहा न घेताच गेला. फिलो चिडली, "घरी आलेल्याशी असं बोलतात?" आमचा पोरगा, रॉबिन, गेल्यापासून हे रोजचंच. मी बोलतो आणि बायको सावरते.

७ एप्रिल
फादर खरंच आले. पोरगेले आहेत, चांगले आहेत, त्याचाच राग येतो. येशूचे शब्द ते वाचणार, बाकीचे आवाज सायमन, मधली सगळी हकिकत मी. "तुमच्या आवाजाशिवाय लोकांना चुकल्यासारखं होतं, सर." विचार करतो म्हणालो. खरं कारण सांगितलं नाही.

८ एप्रिल
दुपारी केळीच्या वाडीत बसून योहानाचं शुभवर्तमान काढलं. शिपायांनी येशूचे कपडे वाटून घेतले, शास्त्रलेख पूर्ण व्हावा म्हणून. तहान लागली, तीही त्यासाठीच. शेजारच्या क्रुसांवरच्या दोन चोरांचे पाय मोडले. याचे नाही मोडले, कारण एकही हाड मोडायचं नाही असं आधीच लिहिलेलं. धर्मशिक्षणाच्या वर्गात हे किती वर्षं शिकवलं! वल्हांडण सणाला बळी द्यायचं कोकरू, त्याचंही हाड मोडायचं नाही, म्हणून येशू हेच ते कोकरू. पोरं माना डोलवायची. मीही.
आता दुसरंच दिसतं. त्या बापाने आपल्या पोराच्या हाडांची सोय शेकडो वर्षं आधी करून ठेवली. मला आदल्या दिवशीसुद्धा कुणी काही बोललं नाही. नायगावजवळ हायवेवर रॉबिनला ट्रकने उडवलं. डॉक्टरने एक्स-रे उजेडापुढे धरला आणि खाली ठेवला. फिलोला आत जाऊ दिलं नाही. मी पाहिलं.
आणि त्या दोन चोरांचे बाप? त्यांना कोणता शास्त्रलेख?

१३ एप्रिल, झावळ्यांचा रविवार
प्रवचन: सगळं लिहिल्याप्रमाणे घडलं, म्हणून जे घडायचंय त्यावरही विश्वास ठेवा. बाहेर प्रार्थना गटातली बाई फिलोचा हात धरून, "देवाची योजना असते गं."
मी विचारलं, "तुमचा मुलगा कुठे असतो?"
"दुबईला."
"मग तुमची योजना झकास आहे."
फिलोने कोपराला धरून ओढत आणलं. घरी आल्यावर बोलली नाही. झावळीचा क्रूस विणून रॉबिनच्या फोटोमागे खोचला.

१५ एप्रिल
फिलो: "वाचा ना. त्याला आवडायचं तुमचं वाचन."
साफ खोटं. डॅडी रेडिओसारखं वाचतात म्हणून मागे बसून हसायचा गाढव. पण अबोला सोडून तिने एवढंच मागितलं. सायमनला फोन केला, येतो म्हणून.

१८ एप्रिल, गुड फ्रायडे
उकाडा. घंटा बंद. देऊळ भरलेलं, लोक बाहेर मांडवात.
बरं चाललं होतं. भाल्याने कूस भोसकली, रक्त आणि पाणी निघालं. ज्याने पाहिलं त्याने साक्ष दिली, इथवर आलो. पुढचं वाक्य डोळ्यांसमोर होतं. गाळलं. सरळ पुढे, ज्याला भोसकलं त्याच्याकडे ते पाहतील.
कुणाला पत्ता नाही. फादरांनाही नाही. सायमन म्हणतो, "सर, अंगावर काटा आला!"
घरी उपासाची पेज. वाढता वाढता फिलो म्हणाली, "एक वाक्य गाळलंत."
"हो."
"मी त्याच्यासाठीच गेले होते."
मी ओरडलोच. "त्याचं हाड मोडलं नाही हे ऐकायला? आणि आपल्या—"
"हो. एका तरी आईला पोर अख्खं मिळालं, एवढं ऐकायचं होतं. मला तर तुम्ही बघूही दिलं नाहीत."
पेज तशीच राहिली.

२० एप्रिल, ईस्टर
मिस्साहून आलो. शेजारी केक देऊन गेले. सगळं उठलं, जिंकलं, पूर्ण झालं म्हणे.
फिलोने शुभवर्तमान टेबलावर उघडून ठेवलंय. त्याच पानावर. "आता वाचा. मला एकटीला."
चष्मा सापडत नाही, म्हटलं.
"डोळ्यांवर आहे."
वही ओढून हे लिहीत बसलोय. ती समोरच आहे. उठत नाहीये.