पदवीची फ्रेम

मी, एउदोसिया क्काहुआना, वय एकाहत्तर, निवृत्त परिचारिका, राहणार आबानकाय, पेरू, पूर्ण शुद्धीवर राहून, कोणाच्याही दबावाशिवाय हे मृत्युपत्र लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा दाखला जोडला आहे. देणारा डॉक्टर मला घाबरतो, ही गोष्ट वेगळी.

१. एकोणचाळीस परिषदांत मिळालेल्या एकोणचाळीस कापडी पिशव्या माझे सहाध्यायी रोमुलो बेसेर्रा यांना द्याव्यात. सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी घेऊन मी पांपाकोचाच्या दवाखान्यात परत निघाले, तेव्हा हेच म्हणाले होते, "अगं, वेड लागलंय का? एवढं शिकून पुन्हा डोंगर चढणार? तिथं काय, कोणीही जाईल!" शिष्यवृत्तीत गावी परतण्याची अट होती. लिमाच्या आरोग्य कचेरीने ती मोठ्या मनाने माफ केली आणि मला खुर्ची दिली. पांपाकोचाला कित्येक वर्षे कोणीही गेले नाही.

२. पांपाकोचाचा नकाशा, दवाखान्याच्या भिंतीवरचा. चौऱ्याऐंशी घरे, माझ्या हाताने काढलेली. गरोदर बाईच्या घरावर लाल टाचणी. दर महिन्याला पायी फिरून मी टाचण्या हलवत असे. माझा प्रबंध याच नकाशावर झाला, गुण उत्तम पडले. मी तिथून गेल्यावर पाच वर्षे एकही टाचणी हलली नाही. पावसाने रस्ता बंद होण्याआधी दिवस भरत आलेल्या बायकांना खाली प्रसूतिगृहाजवळ आणायचे असते. पाच वर्षांनी आलेला बदली माणूस नकाशा बघून लाल टाचणीच्या घरी गेला. त्या घरातले मूल एव्हाना मेंढ्या वळत होते. दिवस भरलेल्या डेल्फिना अल्काच्या घरावर टाचणीच नव्हती. ती घरातच बाळंत होताना गेली. त्याच आठवड्यात मी लिमात याच नकाशाचा फोटो पडद्यावर दाखवत होते. टाळ्या चांगल्या पडल्या. मी कोणाला दोष देत नाही. म्हणजे देते, पण तो माझाच आहे, आणि तीस वर्षांत तिळभर कमी झालेला नाही.

३. डेल्फिनाची थोरली, सातुर्निना, आज त्याच दवाखान्यात आहे आणि टाचण्या तीच हलवते. तिला त्याच अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला आहे. परवा विचारत होती, "मावशी, जाऊ की नको?"

"जा की. पण टाचण्या कोणाच्या हाती देऊन जातेस?"

तिने प्रवेशाचे पत्र घडी करून परत पिशवीत ठेवले. म्हणून माझे आबानकायचे घर विकावे आणि ती शिकत असेतो तिच्या जागी डोंगर चढणाऱ्या बाईचा पगार त्यातून द्यावा. सातुर्निनाने परत यावे अशी अट घालणार होते. वकील म्हणाले, "बाई, असली अट टिकत नाही." मला हे कोण सांगतो!

४. माझी पदवी फ्रेममधून काढून चुलीत घालावी. फ्रेम शिसवी आहे, तिच्यात नकाशा बसवून दवाखान्यात टांगावा. काच मात्र लावू नये. टाचण्या हलवता आल्या पाहिजेत.

सही: एउदोसिया क्काहुआना
साक्षीदार: तेओफिला पुमा, शेजारीण; विडाल सेरॉन, पाववाला
आबानकाय, १४ ऑगस्ट २०१९