औषध आत गेलं

प्रिय दीपा,

जयभीम. रविवारी फोनवर माझा आवाज कापत होता, तो लाइनमुळे नव्हे.

तुझं मागचं पत्र मी ताईला, तुझ्या आईला, वाचून दाखवलं होतं. टायटॅनियमची पांढरी पूड कॉस्टिक सोड्यात, बंद भांड्यात शिजवायची. तिचे पापुद्रे सुटतात, धुताना स्वतःच वळून केसाहून कितीतरी बारीक नळ्या होतात आणि आपोआप एकमेकींना चिकटून त्यांच्या जुड्या बनतात. ती म्हणाली, "म्हंजे कापसाचे पेळूच. पन वळते कोन?" कोणीच नाही, म्हटलं. "मंग मजुरी वाचली म्हना!" किती हसली! त्या नळ्यांत तुला कर्करोगाचं औषध भरायचंय, हे मी तिला सांगितलं का? आठवत नाही. डायरीतही नोंद नाही.

रविवारी मी तिच्याकडेच होतो. तू दुकानात फोन करून दुकानदार मारोतीजवळ निरोप ठेवलास. खरखरीत जेवढं कानी पडलं तेवढं घेऊन तो धावत आला, "मथुराबाई, दीपानं औषध घेतलं!"

कापूस बुडायला लागल्यापासून इकडे औषध म्हणजे फवारणीचंच. औषध घेतलं म्हणजे माणूस गेलं. कोणतं औषध, असं कोणी विचारत नाही. मी रसायनशास्त्र शिकवतो. मीही विचारलं नाही. ताई रडली नाही. "कायले?" एवढंच म्हणाली. तिला तशीच एकटी सोडून मी दुकानातल्या फोनकडे पळालो, तुला फोन लावला.

आणि तू हसत फोनवर आलीस. "मामा, औषध आत गेलं! नळ्यांत!" मी अभिनंदन म्हटलं बहुतेक. घरापर्यंत ओरडत पळालो, पोरगी बरी आहे, पोरगी बरी आहे.

ताई मागच्या अंगणात होती. हातात फवारणीचा डबा, झाकण उघडं. मी तो हिसकावला तशी ती मटकन खाली बसली. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "घरात नको म्हनून फेकून राह्यली होती मी. दीपीले सांगू नको, माह्या गयाची शपथ."

तिच्यावर विश्वास ठेवावा असं फार वाटतं. पण बाळा, डबा काठोकाठ होता आणि अंगण कोरडं.

मी रजा टाकून इथेच आहे. शपथ मोडून लिहितो आहे, कारण माझ्यानं हे एकट्यानं पेलवत नाही. नळ्या राहू दे काही दिवस. पुढचा निरोप दुकानात ठेवू नकोस. स्वतः येऊन दे.

तुझाच,
धम्मरत्नमामा